चिचुंद्रीएवढा अँटिकायनस आणि चालणारी मुशी: वाईट दिवस काढायच्या दोन तऱ्हा

शेवरी

ब्रिस्बेनमध्ये आमचं घर रानाला लागून आहे. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ओट्याखाली खुडबुड ऐकू यायला लागली. उंदीर शिरला असं समजून मी पिंजरा लावला. सकाळी पाहिलं तर आत बसलेलं प्रकरण उंदरासारखं होतं, पण उंदीर नव्हतं. तोंड चिचुंद्रीसारखं निमुळतं, डोळ्यांभोवती फिकट कडं, पायांवर पिवळसर-तांबूस लव. माझ्यावर फिस्कारून तोंड उघडलं तेव्हा दिसलं की उंदराचे कुरतडायचे मोठे दात नाहीतच, बारीक टोकदार दातांची रांग आहे. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, हा इथला जुना रहिवासी आहे, त्याला सोडून दे.

तो पिवळ्या पायांचा अँटिकायनस होता. कांगारूच्या गोतावळ्यातला, म्हणजे अपुऱ्या दिवसांची पिल्लं पोटाशी वाढवणारा, आणि नात्याने टास्मानियन डेव्हिलच्या जवळचा. किडे, कोळी, झुरळं खाऊन जगतो. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्याची वाट बघते.

दुसरा जीव म्हणजे मुशी. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या ग्लॅडस्टनहून बोटीने हेरॉन बेटावर गेलो होतो. रात्रीच्या ओहोटीला वाटाड्याबरोबर प्रवाळाच्या सपाटीवर उतरलो. पाणी घोट्याच्या जरा वर, उबदार आणि अगदी निश्चल. टॉर्चच्या उजेडात हातभर लांबीची एक मुशी दिसली. अंगावर चित्त्यासारखे तपकिरी ठिपके आणि छातीच्या पराच्या मागे पांढऱ्या कडेचा, डोळ्यासारखा मोठा काळा ठिपका. सैनिकाच्या खांद्यावरच्या पट्टीसारखा दिसतो, म्हणून तिला एपोलेट शार्क म्हणतात. ती पोहत नव्हती. चारही पर पायांसारखे टेकत, पालीसारखी अंगाला वळसे देत चालली होती. पुढे प्रवाळाचा उंचवटा आला तर त्याच्यावर चढली, पाठ पूर्ण पाण्याबाहेर आली, आणि पलीकडच्या डबक्यात उतरली. मी श्वास रोखून बघत होते.

या दोघांची तुलना करावीशी वाटली ती ग्लॅडस्टनमुळे. त्या गावाच्या एका अंगाला, आत डोंगरात, क्रूम्बिट टॉप्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या रुपेरी डोक्याच्या अँटिकायनसची वेगळी जात म्हणून नोंद झाली ती २०१३ मध्ये. दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि त्यात हेरॉन बेट. एकाच गावाच्या दोन बाजूंना हे दोन जीव राहतात, आणि दोघांचंही आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरतं: वाईट वेळ ठरलेली आहे, ती येणारच आहे, मग ती काढायची कशी?

मुशीची वाईट वेळ म्हणजे रात्रीची ओहोटी. पाणी उतरलं की सपाटीवरची डबकी बाकी समुद्रापासून तुटतात. दिवसा शेवाळं ऑक्सिजन तयार करतं, रात्री ते काम थांबतं. श्वास मात्र सगळ्यांचा चालूच असतो, प्रवाळाचा, शेवाळाचा, खेकड्यांचा, माशांचा. डबक्यातला ऑक्सिजन उतरत जातो. बरेच मासे आधीच निघून जातात. ही मुशी तिथेच थांबते. नेहमीच्या फक्त ५ टक्के ऑक्सिजनच्या पाण्यात ती साडेतीन तास जगलेली प्रयोगात दिसली आहे. कसं, तर सगळं मंद करून. हृदयाचे ठोके उतरतात, रक्तदाब उतरतो, कल्ल्यांची हालचाल कमी होते. मेंदूचे काही भागसुद्धा ती मंद करते, पण मेंदूला जाणारं रक्त तुटू देत नाही.

मला सगळ्यात भावलं ते हे की तिला सराव लागतो. काही वेळा कमी ऑक्सिजन सोसलेली मुशी पुढच्या वेळी आणखी कमी ऑक्सिजनमध्ये नीट तग धरते. उधाणाच्या दिवसांत एकेक रात्र जाते तशी ती पुढच्या रात्रीसाठी तयार होते.

अँटिकायनसची वाईट वेळ म्हणजे हिवाळा, किड्यांची टंचाई. इथे मादी आणि नर यांचे रस्ते वेगळे होतात. नराची गोष्ट फार कठीण आहे. तो जन्मतो, वाढतो, आणि ११-१२ महिन्यांचा झाला की एकाच विणीच्या हंगामात, दोन-तीन आठवड्यांत, मरतो. एखाददुसरा नाही, त्या रानातले सगळेच नर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या मागच्या पायऱ्यांवर भर दुपारी एक नर यायचा. एरवी असा उघड्यावर बसलेला दिसत नाही. पाठीवरचे केस गळालेले, कमरेपाशी उघडी जखम, चालताना तोल जायचा. मी दीड हातावर बसले होते, तरी पळाला नाही. दोन दिवसांनी कुंडीमागे सापडला. मी त्याला जांभळाच्या खाली पुरलं.

पुढचे काही आठवडे त्या रानात एकही नर नसतो. जे असतात ते माद्यांच्या पोटात.

सविस्तर प्रतिसादांत लिहीन. कोणी या दोघांपैकी काही पाहिलं असेल तर जरूर सांगा.

रापणकर

शेवरीताई, वाचून अंगावर काटा आला. मी देवबागचा. तुमच्या मुशीच्या कुळातल्या आमच्याकडेही येतात, बांबू मुशी म्हणतात त्या. बारीक, मऊ, अंगावर पट्टे. रापणीत बाकी मासे दहा मिनिटांत थंड होतात, ही टोपलीच्या तळाशी तासाभराने हात लावला तरी वळवळते. लहानपणी आजा म्हणायचा, हिचा जीव शेपटीत असतो. ती खोल पाण्यातली नाही, खडपातली आहे, म्हणून चिवट असेल असं वाटायचं. मोठी मोरी बाजारात जाते, ही कोणी फारशी घेत नाही.

तुमची ती चालते ती शिकार करायला की जीव वाचवायला?

शेवरी

रापणकरदादा, बरोबर ओळखलंत, कूळ एकच. चालते ती दोन्हीसाठी. ओहोटीत अडकलेले छोटे खेकडे, किडे तिला आयते मिळतात, आणि सपाटीवर मोठ्या मुशी येऊ शकत नाहीत. म्हणजे दुसऱ्यांना जिथे गुदमरतं तिथे हिचं ताट वाढलेलं असतं. डबकं फारच बिघडलं तर चालत दुसऱ्यात जाते. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लंसुद्धा चालतात. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आसपास अशा चालणाऱ्या मुशींच्या ९ जाती आहेत, आणि एकूण मुशींच्या इतिहासात हा अगदी अलीकडचा फाटा आहे, साधारण ९० लाख वर्षांपूर्वीचा.

मंदाताई

मी डॉक्टर आहे, म्हणून मुशीच्या मेंदूवर थोडं लिहिते. माणसाच्या मेंदूचा प्राणवायू तुटला तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. कारण पेशींचं काम चालूच राहतं, ऊर्जा संपते, आणि मग पेशींच्या आत-बाहेरचा क्षारांचा तोल ढासळतो. या मुशीत ऊर्जा कमी पडायला लागली की मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचतं, आणि ते पेशींना 'हळू घ्या' असं सांगतं. मागणीच कमी केल्यामुळे तुटवडा जीवघेणा होत नाही. अ‍ॅडिनोसिन आपल्यातही आहे. दिवसभर जागं राहिलं की साचतं आणि पेंग आणतं. चहातलं कॅफिन नेमकं त्याचीच जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. रसायन तेच, मुशीने ते कुठल्या कुठे नेलं आहे.

आणि अँटिकायनसच्या नराचं उलटं. आपल्या शरीरात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढलं की मेंदू ते थांबवायचा निरोप देतो. या नरांत विणीच्या दिवसांत तो निरोपच लागू पडत नाही. शिवाय रक्तात कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावामुळे घटतं, त्यामुळे मोकळं कॉर्टिसॉल वाढत जातं. मग पोटात व्रण, रक्तस्राव, प्रतिकारशक्ती कोसळणं, परजीवींचा सुळसुळाट. तुमच्या पायरीवरच्या त्या नराची केस गळालेली पाठ आणि न भरणारी जखम, ही त्याचीच लक्षणं. अतिदक्षता विभागात दीर्घ ताणातले रुग्ण बघितले आहेत, त्यामुळे वाचताना गलबललं.

शेवरी

मंदाताई, मनापासून आभार. तो जखमी का फिरत होता ते मला आज नीट कळलं. एक पुस्ती जोडते: विणीच्या आधी ज्या नरांचं खच्चीकरण केलं ते पुढेही जगले. म्हणजे हे म्हातारपण नाही. शरीर सगळं उधळून टाकतं. विणीच्या आधीच त्याचं शुक्राणू बनवणंही थांबतं, जेवढा साठा आहे तेवढ्यावर हंगाम काढायचा. काही जातींत एकेक मीलन १२-१४ तास चालतं. व्हिक्टोरियात ला ट्रोब विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ मध्ये दाखवलं की काळपट अँटिकायनसचे नर त्या तीन आठवड्यांत रोज सरासरी तीन तास कमी झोपतात, एकाने तर झोप निम्म्यावर आणली होती.

उत्सुक

एक शंका. आपण मेल्यावर पिल्लांना आणि आयांना किडे पुरावेत म्हणून नर मरतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. हा त्याग आहे का?

शेवरी

उत्सुक, मीही बरीच वर्षं तसंच समजत होते, आणि खरं सांगायचं तर तसं मानायला आवडायचंही. पण ते टिकत नाही. समजा एक नर जरा राखून खर्च करणारा निघाला आणि पुढच्या वर्षीही जगला. बाकीचे मरून किडे मोकळे करतायत, त्यांचा फायदा त्यालाच मिळेल, आणि दोन वर्षांत त्याचीच पिल्लं जास्त होतील. मग त्याग करणाऱ्यांची जात उरणार कशी?

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या डायना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिलेलं उत्तर मला पटतं. सुरुवात माद्यांकडून होते. वर्षात किड्यांची चंगळ एकदाच होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी. पिल्लांचं दूध सुटायची वेळ त्या चंगळीवर यायला हवी. म्हणून सगळ्या माद्या एकाच वेळी, अगदी थोड्या दिवसांत माजावर येतात. शिवाय प्रत्येक मादी अनेक नरांशी जमते, एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं असतात. मग खरी चढाओढ नरांच्या शुक्राणूंत लागते. हंगाम एवढासा, आणि पुढच्या वर्षापर्यंत जगायची शक्यता नाहीतरी कमी. अशा वेळी जो सगळं आत्ताच ओततो त्याचीच पिल्लं होतात. राखून ठेवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मुशीला ही घाई नाही. ती वर्षानुवर्षं जगते, अंडी दोन-दोन करून घालत राहते. एक ओहोटी चुकली तर दुसरी आहे. मला दोघांतला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. मुशीचं संकट दिवसाला येतं, म्हणून तिने थोडं-थोडं राखायला शिकून घेतलं. नराची संधी आयुष्यात एकदाच येते.

उत्सुक

समजलं. आणि मादी? तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

शेवरी

हो, राहून गेलं, आणि तिच्याबद्दल लिहायला हवंच.

गर्भ जेमतेम महिन्याचा. जन्मतात ती पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी, उघडीनागडी. कांगारूसारखी खोल पिशवी हिला नाही, पोटावर कातडीची नुसती कड असते. स्तन ठरलेले, जातीनुसार आणि जागेनुसार ६, ८, १०. पिल्लं बहुधा त्याहून जास्त जन्मतात. ज्याला स्तन मिळाला ते जगलं. उरलेल्यांना दुसरी संधी नाही. पाचेक आठवडे ती स्तनाला तोंड लावून लटकलेली असतात आणि आई तशीच झाडावर चढते, किडे धरते. एकदा रात्री ओसरीच्या तुळईवरून जाताना मला दिसली. पोटाखाली गुलाबी शेंगांचा घोस लोंबावा तशी पिल्लं. तुळईच्या कडेला घासू नयेत म्हणून तिने अंग उचलून धरलं होतं आणि चारही पायांनी ताठ चालली होती. नंतर ती पिल्लांना घरट्यात ठेवून हिंडते, ढोलीत पानं भरून केलेलं घरटं.

बहुतेक माद्याही एका वेतानंतर संपतात, पण काही दुसरं वर्ष बघतात.

मुशीची आई अंडं प्रवाळाच्या खबदाडात ठेवते आणि निघून जाते. चामड्यासारखी तपकिरी डबी, सुमारे हाताच्या बोटाएवढी लांब. आत पिल्लू चार महिने वाढतं. मध्यावर डबीला बारीक चिरा पडतात आणि पिल्लू शेपूट हलवून ताजं पाणी आत ओढतं. रापणकरदादा, तुमच्या आज्याचं म्हणणं मला या ठिकाणी आठवलं. बांबू मुशीच्या एका जातीवर ऑस्ट्रेलियातच प्रयोग झाला होता: जवळ शिकारी आल्यासारखी वीज पाण्यात सोडली की अंड्यातलं पिल्लू शेपटी आणि श्वास दोन्ही थांबवून निपचित राहतं. जन्मायच्या आधीपासून यांना थांबता येतं.

वणवारेषा

आम्ही दरवर्षी सातारच्या बाजूला वणव्यासाठी जाळरेषा काढायला जातो. जळलेल्या डोंगरावर दुसऱ्या दिवशी गेलं की जिवंत काही दिसत नाही, नुसते घारी-कोतवाल. ऑस्ट्रेलियात एवढे वणवे लागतात, मग तुमचा हा एवढासा जीव त्यातून कसा निघतो?

शेवरी

वणवारेषा, बरं झालं विचारलंत, कारण इथे तो मुशीच्या फार जवळ येतो.

जानेवारी २०१३ मध्ये न्यू साऊथ वेल्समधलं वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान जवळजवळ सगळं जळलं. नंतर क्लेअर स्टॉस्की, फ्रिट्झ गायझर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पिवळ्या पायांच्या अँटिकायनसना बारीक ट्रान्समीटर लावून बघितलं. आगीतून ते बहुधा खडकांच्या खोल फटींत दडून वाचले होते. खरा प्रश्न आगीनंतरचा होता. खायला काही नाही, लपायला पालापाचोळा नाही, आणि घुबडं-कोल्हे मोकळ्या रानात टिपायला टपलेले. तेव्हा हे जीव दिवसाचं हिंडणं कमी करून ग्लानीत जात होते. झोप नव्हे, शरीराचं तापमान आणि सगळा खर्च खाली आणून पडून राहणं. न जळलेल्या रानातल्यांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ.

२०१७ मध्ये याच गटाने बाहेर उघड्यावरच्या मोठ्या पिंजऱ्यांत अन्न कमी करून खाली राख आणि कोळसा पसरला, धूर दिला. नुसतं अन्न कमी केल्यावर जेवढी ग्लानी येत होती त्याहून धूर आणि राख असताना जास्त आली. म्हणजे धूर आणि राख हीच खूण. मुशीला ऑक्सिजन उतरल्याची खूण, याला धूर-राखेची. दोघंही खूण मिळाली की आत वळतात, आणि बाहेरचं बरं होईपर्यंत थांबतात.

मंदाताई

शेवरी, मग एक विचारते. दोघांकडे इतकी तयारी आहे, तर काळजीचं कारण काय? तू पहिल्या लेखात लिहिलंस 'वाईट वेळ ठरलेली आहे'. ती ठरलेली राहिली नाही तर?

शेवरी

मंदाताई, हाच प्रश्न माझ्या मनात धागा काढायच्या आधीपासून आहे.

अँटिकायनसचं पंचांग दिवसाच्या लांबीवर चालतं. नुसत्या लांबीवर नव्हे, दिवस किती वेगाने मोठा होतोय त्यावर माद्यांची वेळ ठरते, आणि प्रत्येक जातीचा आकडा वेगळा. म्हणून एकाच रानातल्या दोन जातींची गल्लत होत नाही. हे हजारो वर्षं बिनचूक चाललं, कारण दिवस मोठा होणं आणि किडे वाढणं यांची जोडी पक्की होती. आता हवा तापतेय. किड्यांची वेळ उष्म्याप्रमाणे सरकू शकते, पण सूर्य आपली वेळ बदलत नाही. ज्या मादीला बहुधा एकच वेत मिळणार, तिची वेळ तीन आठवड्यांनी चुकली तर पुढच्या वर्षी दुरुस्त करायला ती नसते. आणि नर तर कोणीच नसतो.

त्यात काहींना जायला जागाच नाही. स्प्रिंगब्रूकजवळच्या उंच, ओल्या रानातला काळ्या शेपटीचा अँटिकायनस २०१४ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला, आणि २०१८ मध्ये तो आणि क्रूम्बिटचा रुपेरी डोक्याचा, दोघंही संकटग्रस्त यादीत गेले. ते आधीच डोंगरमाथ्यावर आहेत. गारवा शोधत आणखी वर जायला डोंगर उरलेला नाही. ओळख पटल्यापासून चार-पाच वर्षांत ही यादी, हे मला सहन होत नाही.

मुशीबद्दल माझी समजूत होती की जी ऑक्सिजनशिवाय राहते ती काहीही सोसेल. २०२१ मध्ये कॅरोलिन व्हीलर आणि सहकाऱ्यांचं काम वाचलं आणि ती समजूत गेली. त्यांनी अंडी २७, २९ आणि ३१ अंशांत वाढवली. ३१ मध्ये पिल्लं २५ दिवस लवकर बाहेर आली. लवकर म्हणजे बरं नव्हे. अंड्यातला बलक भराभर संपला, पिल्लं लहान निघाली, त्यांना लगेच भूक लागलेली, आणि दमही कमी. मंद होण्याची तिची सगळी हातोटी ऑक्सिजनसाठी आहे. पाणीच गरम असेल तर शरीर मंद होऊ शकत नाही, ते उलट पळायला लागतं. ओहोटी सहा तासांनी संपते. तापलेल्या पाण्याचा उन्हाळा तसा संपत नाही.

वणवारेषा

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडेही तेच बघतोय, वणव्याचे दिवस आता फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच येतात. पूर्वी होळीच्या आसपास जाळरेषा काढली तरी चालायचं.

रापणकर

शेवरीताई, चार दिवसांनी लिहितोय. परवा चुलत्याच्या जाळ्यात खडपाच्या बाजूला एक तपकिरी डबी अडकून आली. आधी असं काही आलं की आम्ही जाळं झाडताना वाळूत फेकायचो, पोरं पायाखाली फोडायची. या वेळी तुमचं वाचलं होतं म्हणून उचलून घेतली. ओलीच होती. चुलत्याने बॅटरी मागून धरली. आत पिवळ्या गोळ्याला चिकटलेला एक दोरा दिसला, बोटाच्या पेराएवढा. आम्ही बघत राहिलो. मग त्या दोऱ्याचं टोक हललं, थांबलं, परत हललं.

चुलता काही बोलला नाही. होडी परत लोटली, मी मागे बसलो, आणि खडपाच्या कपारीत, लाट ओढून नेणार नाही अशी जागा बघून ती ठेवून आलो. पाणी गार होतं. आता घरातली पोरं रोज विचारतात, चार महिने म्हणजे कुठल्या सणापर्यंत.

शेवरी

दादा, बांबू मुशीचे दिवस जातीनुसार थोडे वेगळे असतात, आणि ती डबी किती जुनी होती ते आपल्याला माहीत नाही. तुम्ही दोरा बोटाच्या पेराएवढा म्हणालात, म्हणजे अजून बराच वेळ आहे. पोरांना सांगा, रिकामी डबी किनाऱ्याला लागली आणि एका टोकाला सरळ चीर दिसली, तर पिल्लू नीट बाहेर पडलं. कडेला गोल भोक असेल तर गोगलगायीने खाल्लं.

आमच्याकडे काल रात्री तुळईवर परत आवाज झाला. ढोलीत पानं नेत होती, एकेक पान तोंडात आडवं धरून.